कुडेखोलचा हिरवा ठिपका

कुडेखोलचा ठिपका चौथ्या दिवशीही हिरवाच होता, आणि त्यामुळे हेमांगी सामंत वादळानंतर पहिल्यांदाच पोटभर जेवली.

जेवण काही खास नव्हतं. मॉरिशसमधल्या त्या मदतकेंद्राच्या खानावळीत रोज मिळणारा मोकळा भात आणि मसुराचं कालवण. पण हेमांगीने भात दुसऱ्यांदा घेतला आणि समोर बसलेल्या मोरितासानांना सांगितलं की माझ्या भावाचं गाव ठीक आहे. मोरिता हे जपानी भाषेचे परीक्षक, तशी हेमांगी मराठीची. सत्तरीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "सकाळपासून तुम्ही हे तिसऱ्यांदा सांगताय. तुमच्या भावाचं गाव इतकं ठीक आहे, तर मीच तिकडे राहायला जातो."

हेमांगी हसली. चार दिवसांत तेही पहिल्यांदाच.

कार्तिकात अरबी समुद्रात उठलेलं ते वादळ कोकणावर आलं तेव्हा ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने वारा वाहत होता. मोठी गावं, बंदरं, रस्ते यांच्यामागे लष्कर आणि सरकार लागलं होतं. डोंगराच्या पोटातली, दरडींनी तोडलेली नऊशे लहान गावं एकेचाळीस देशांच्या मदत कराराकडे आली होती. त्यांतलंच एक कुडेखोल. हेमांगीचं माहेर. तिथे आता तिचा एकुलता भाऊ राहत होता, दत्ताराम परब, निवृत्त प्राथमिक शिक्षक, अख्ख्या गावाचे परबगुरुजी.

या कराराविषयी थोडं सांगायला हवं. पूर्वी भूकंप, पूर, वादळ झालं की जगभरातून मदत यायची, कमी यायची असंही नाही. पण जिथे पाणी हवं तिथे घोंगड्या उतरायच्या, जिथे घोंगड्या हव्या तिथे कोणालाच वाचता न येणाऱ्या लिपीतली औषधं. पाच देशांची विमानं एकाच धावपट्टीवर घुटमळत राहायची आणि पलीकडच्या खोऱ्यात कोणी फिरकायचंही नाही. कुठे काय हवं आहे हे कळेपर्यंत आठवडा जायचा, आणि आपत्तीत माणसं मरतात ती बहुतेक त्या आठवड्यात.

यावर तोडगा म्हणून जे यंत्र उभं राहिलं त्याचं अधिकृत नाव लांबलचक होतं. प्रत्येक भाषेने त्याला आपापलं नाव दिलं. मराठीत त्याला 'ओंजळ' म्हणावं असं हेमांगीनेच सुचवलं होतं.

ओंजळीचं काम तसं साधं होतं. आपत्ती झाली की वीस किलोमीटर उंचीवर फुगे तरंगत यायचे आणि तुटलेल्या प्रत्येक गावात एक पेटी सोडायचे. पेटीत सूर्यप्रकाशावर चालणारा माईक आणि कर्णा. अर्ज नाही, तक्ता नाही, अधिकारी नाही. गावातल्या कोणीही यावं आणि आपल्या भाषेत बोलावं. उपग्रहाला उडालेलं छप्पर दिसतं, पण डब्यात तांदूळ किती उरलेत ते दिसत नाही. ते त्या घरातलं माणूसच सांगू शकतं. ओंजळ अशी शहाण्णव भाषांमधली माणसं एका वेळी ऐकायची, प्रत्येक गावाची गरज एका आकड्यात बसवायची, उणे शंभर ते अधिक शंभर, आणि दर सहा मिनिटांनी सगळ्या देशांची विमानं, जहाजं, ड्रोन यांना नवा रस्ता आखून द्यायची. ओमानच्या विमानात व्हिएतनामच्या गोळ्या आणि केनियाचा मका असायचा, आणि ते कुठे उतरायचं हे कोणताही देश ठरवायचा नाही. सभागृहाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. उणे गावं लाल, अधिक गावं हिरवी, शून्याजवळची पिवळी.

माणसांकडे एवढंच काम उरलं होतं की यंत्राला एखादा शब्द कळला नाही तर तो समजावून सांगायचा. त्यासाठी भाषेमागे एक परीक्षक. आणि एक नियम कडक होता. ज्या गावात आपलं रक्ताचं माणूस आहे त्या गावाचं बोलणं परीक्षकाने ऐकायचं नाही. कराराच्या पहिल्याच वर्षी कोणीतरी आपल्या आईच्या गावाकडे जहाज वळवलं होतं आणि दुसरीकडे त्याची किंमत माणसांनी मोजली होती. म्हणून गेले चार दिवस हेमांगी कुडेखोलचा फक्त ठिपका बघत होती.

जेवून दोघं सभागृहात परतली तेव्हा दीड वाजला होता, म्हणजे कोकणात तीन. भिंतीवर मस्कतहून निघालेलं एक विमान कुडेखोलच्या दिशेने सरकत होतं. ते किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरवर आलं आणि हेमांगीच्या डोळ्यांदेखत त्याने तोंड फिरवलं. आता ते दक्षिणेला निघालं होतं. सुमात्राजवळच्या एका बेटावर पहाटे भूकंप झाला होता, तिकडे.

तिला वाईट वाटलं नाही. हिरव्या गावाकडे विमान कशाला हवं? कुडेखोलचा आकडा तर अधिक एकतीस झाला होता. शेजारची सगळी गावं लाल किंवा पिवळी, आणि मध्ये एकटं कुडेखोल पोपटी. तिला उलट जरासा अभिमानच वाटला. दादाने सगळं नीट लावलं असणार. शाळेत एकेक खडू जपून वापरणारा माणूस.

मग तिला त्याचा आवाज ऐकावासा वाटला. कारण काहीच नव्हतं. गाव सुरक्षित आहे, विमान गेलंय, आता ऐकून कोणाचं काय बिघडणार, असं तिने मनाला समजावलं. तिने कर्णफोन चढवला आणि तिच्या अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच नियम मोडला.

पहिल्या दिवसाचं बोलणं लागलं. दादा अगदी शाळा तपासायला साहेब आल्यासारखा पुस्तकी मराठीत बोलत होता.

"नमस्कार. मी दत्ताराम परब, निवृत्त शिक्षक, कुडेखोल. सत्तर घरं, दोनशे चौदा माणसं. रस्ता दोन्ही बाजूंनी दरडीखाली आहे. विहिरीत गाळ गेलाय. मीठ वाढलं. साखर वाढली. तांदूळ वाढत आले आहेत."

हेमांगीने बोलणं तिथेच थांबवलं.

पडद्यावर दादाच्या बोलण्याखाली यंत्राने काढलेलं सार होतं. मीठ, अधिक. साखर, अधिक. तांदूळ, वाढता साठा.

तिने तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. ऐकू येत होतं त्यात काही फरक पडला नाही.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये, पण आता बऱ्याच घरांत हे बोलणं राहिलेलं नाही. मिठाची बरणी रिकामी झाली तर बाई 'मीठ संपलं' म्हणत नाही. भरल्या घरात अन्नाच्या बाबतीत 'नाही', 'संपलं' असं तोंडातून काढू नये, वास्तू तथास्तु म्हणते. म्हणून ती म्हणते, मीठ वाढलं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जे गेलं त्याला वाढलं म्हणायचं आणि पुढे चालायचं. कुडेखोलला सगळे असंच बोलायचे, आणि घर कोसळलेलं असताना, पोरं भुकेली असताना तर कोणीही दुसरं काही बोललं नसतं.

दुसऱ्या दिवशी दादाचा आवाज घाईत होता. लोकांना जुलाब-उलट्या लागल्या आहेत, तो म्हणाला, आणि जलसंजीवनीच्या पुड्या वाढत आल्या आहेत. जलसंजीवनी म्हणजे मीठ-साखरेची ती पूड, जी पाण्यात ढवळून पाजली की जुलाबाने सुकत चाललेलं मूल वाचतं. यंत्राला जुलाब कळले होते. पण पुड्याही वाढत आहेत म्हटल्यावर त्याने लिहिलं होतं: गरज भागलेली.

त्याखाली आणखी एक नोंद होती. यंत्राने पेटीतून गावाला विचारलं होतं, "शेजारच्या शिवारवाडीत अतिसाराने मुलं दगावत आहेत. आपल्याकडच्या काही पुड्या देऊ शकाल का? ड्रोन पाठवत आहोत."

यानंतर पेटीत बराच वेळ फक्त माणसांचा गलका होता. कोणीतरी बाई काही बोलत होती, दुसरी तिला थांबवत होती. मग दादा घसा खाकरून म्हणाला, "हो. देतो. पोरांचा प्रश्न आहे."

हेमांगीने कर्णफोन काढून ठेवला. तिने पुन्हा तो घातला, कारण तिसरा दिवस राहिला होता.

"आज दोघं गेली," दादा म्हणाला. "सुगंधाचा मुलगा, चार वर्षांचा. आणि तातू गावकर. पुड्या वाढल्या. तांदूळही वाढले."

त्याखाली यंत्राने नेमकेपणाने लिहिलं होतं. स्थलांतर: दोन. एक बालक, एक वृद्ध. लोकसंख्या दोनशे बारा. शिधा त्याप्रमाणे कमी करावा.

चौथ्या दिवशीचं बोलणं सकाळचं होतं आणि फार लहान होतं. आवाज ओळखू येऊ नये इतका खोल गेला होता. "आता सगळंच वाढलंय. आम्ही वाट बघतो आहोत."

अधिक एकतीस.

ती खुर्चीतून उठली ती सरळ पाळीप्रमुख वांजिरूच्या टेबलाशी गेली. वांजिरू केनियाची, उंच, सहा वर्षांत कोणी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. हेमांगीने सगळं सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. शब्द इंग्रजीत आणताना तिची तारांबळ उडत होती. आमच्याकडे संपलं त्याला वाढलं म्हणतात, असं ती तीनदा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तिलाच ते वेड्यासारखं वाटलं.

वांजिरूने शांतपणे विचारलं, "हे गाव तुझ्या भावाचं ना?"

"हो."

"म्हणजे तू ऐकायला नको होतंस."

"हो."

"आणि आता तुला विमान परत हवंय. दुसऱ्या कोणाच्या तरी बेटावर चाललेलं."

त्या बाईचं चुकत नव्हतं. विमानाकडे पाऊण तास होता. त्यानंतर मागे फिरायला इंधन पुरलं नसतं. आणि यंत्राचा निर्णय बदलायचा तर दोन वेगळ्या भाषांच्या परीक्षकांची सही लागायची, हा करारातला दुसरा कडक नियम. पहिली सही जिच्या भावाचं गाव आहे तिची. दुसरी कोण देणार? सभागृहातली माणसं आता माना वळवून बघत होती. कोणाच्या नजरेत राग नव्हता. होती ती कीव, आणि तिला ती जास्त लागली.

मोरितासान आपल्या जागेवरून उठून आले. त्यांनी तिला तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला. मग अर्थ विचारला. मग ते वांजिरूकडे वळले.

"आमच्याकडे लग्नाचा समारंभ आटपला की निवेदक 'संपला' असं म्हणत नाही," ते म्हणाले. "तो म्हणतो, आता समारंभ 'उघडू या'. मग सगळे घरी जातात. परक्या माणसाला वाटेल की दार आत्ता उघडणार."

वांजिरूने तो शब्द कागदावर लिहून घेतला.

"ही बाई खोटं बोलत नाहीये," मोरिता म्हणाले. "असला शब्द कोणी बनवून सांगत नाही. पण सामंतसान, विमान मागू नका. विमान मागितलंत तर ते तुमच्या भावासाठी होईल. शब्द दुरुस्त करा. मग यंत्राला ठरवू द्या. त्यावर मी सही करतो."

हेमांगीने शब्दकोशातली 'वाढणे'ची नोंद उघडली. नोंद दुरुस्त करायची म्हणजे आधी कोणी कशी केली ते पडद्यावर येतं. ते आलं.

यंत्राने तीन वर्षांपूर्वी, शिकताना, दोन अर्थ सुचवले होते. एक, वृद्धी होणे. दोन, संपणे किंवा फुटणे. अशुभ टाळण्यासाठीचा प्रयोग. उदाहरण, 'मीठ वाढलं'. दुसऱ्या अर्थाविषयी यंत्राची खात्री एक्याण्णव टक्के. त्याखाली लिहिलं होतं: मानवी निर्णय, दुसरा अर्थ रद्द. शेरा: जुना, अंधश्रद्धेतून आलेला प्रयोग. आजच्या मराठीत वापरात नाही. हे. सामंत.

तिला तो दिवस आठवला नाही. आठवले ते त्या महिन्यातले सगळे दिवस एकत्र. दोन अर्थांचे शब्द यंत्राला अडखळवतात म्हणून प्रत्येक भाषेने चारशे दुहेरी शब्द काढून टाकावेत असा आदेश होता. तिने चारशे बारा काढले होते आणि कोणीतरी कौतुकही केलं होतं. परदेशी सहकाऱ्यांसमोर वास्तू, तथास्तु असलं काही समजावत बसण्याची तिला लाज वाटली असावी. किंवा तिला खरंच वाटलं असेल की आता असं कोणी बोलत नाही. पुण्यातल्या तिच्या फ्लॅटमध्ये खरोखरच कोणी बोलत नव्हतं. यंत्राला बरोबर कळलं होतं. तिने ते पुसलं होतं.

मोरितांनीही तो शेरा वाचला असणार, कारण ते बाजूलाच उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि आपली सही केली. तिने तिची केली. वांजिरूने होकारार्थी मान डोलावली.

सहा मिनिटं थांबावं लागलं. ओंजळीचा तो ठराविक वेळ. त्या सहा मिनिटांत हेमांगी फक्त कुडेखोलच्या ठिपक्याकडे बघत होती, त्यामुळे बाकी नकाशावर काय होतंय ते तिला उशिरा दिसलं. सभागृहात कोणाच्या तरी तोंडून आवाज निघाला. कोकणातली हिरवी गावं एकामागून एक लाल होत होती. जणू हिरव्या कापडावर कोणी आतून रक्त सोडलं होतं. कुडेखोल उणे चौऱ्याऐंशीवर थांबलं. त्याच्याबरोबर सदतीस गावं. सदतीस गावांत कोणी ना कोणी पेटीसमोर उभं राहून मर्यादेने सांगितलं होतं की आमच्याकडे सगळं वाढलंय.

विमानाने तोंड फिरवलं. कोकणाकडे. सुमात्राच्या बेटासाठी कोलंबोहून दुसरं विमान निघालं, चार तास उशिराने. त्या चार तासांचं तिकडे काय होईल हे सांगणारा तक्ताही होता. हेमांगीने तो उघडला नाही. तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

मग यंत्राने न सांगताच एक यादी समोर ठेवली. शब्द बदलला की जुनी सगळी बोलणी नव्याने वाचायची, असं त्याला शिकवलेलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरातली एकोणीस गावं. गेल्या वर्षीच्या दरडीतली सात. सगळ्यांपुढे तोच शब्द, आणि वेळेआधी परत बोलावलेली मदत.

पलीकडच्या रांगेत बर्मी भाषेच्या परीक्षकाने सावकाश कर्णफोन कानाला लावला. मग स्वाहिलीच्या. मग आणखी कोणाच्या. प्रत्येक जण आपापल्या भाषेतली हिरवी गावं उघडून ऐकायला लागला होता.

कोकणात चारच्या सुमारास कुडेखोलवर हवाई छत्र्या उतरल्या. पुड्या, गोळ्या, मका, तांदूळ, मीठ, आणि एक उपग्रहफोन. सहा वाजता वांजिरूने हेमांगीला तिच्या खोलीत बोलावून फोन जोडून दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली.

दादा जिवंत होता. त्यालाही जुलाब लागले होते, हे त्याने चार दिवसांत एकदाही पेटीला सांगितलं नव्हतं. बहिणीशी तो मालवणीत बोलायला लागला तसा त्याचा आवाज जरा ओळखीचा झाला. ती रडत होती आणि तो तिलाच समजावत होता.

"कित्याक रडतंस गो? इला मां विमान."

तेव्हा तिने सांगितलं. तो शब्द, तो शेरा, खाली केलेली सही. काहीही सौम्य न करता सांगितलं.

"म्हणजे आमी बोलत गेलव, तसा कमी येत गेला?" दादाने विचारलं.

"हो."

"आणि त्या पुड्यो?"

"त्याही माझ्यामुळेच."

मग त्याने हळू, पण गुरुजींच्या आवाजात सांगितलं, "हेमा, ह्यां हय कोणाक सांगू नको. ती पुड्यांची पिशवी सुगंधान आपल्या हातान भरल्यान. सगळी बायलमाणसां नको म्हणी होती. तीच म्हणाली, पोरांचो प्रश्न आसा. तेव्हा तिचो झील बरो होतो. दुसऱ्या दिवशी पडलो. कळला तर ती जगाची नाय."

हेमांगी हो म्हणाली. त्या क्षणी तिला तेच बरोबर वाटलं, आणि सोपंही.

पण करारात आणखी एक कलम होतं. ज्यांच्या बाबतीत चूक झाली त्यांना ती त्यांच्याच भाषेत, त्याच पेटीतून, चोवीस तासांच्या आत सांगायची. सांगायचं परीक्षकाने. वांजिरूने सकाळी येऊन विचारलं की दुसऱ्या कोणाकडून सांगून घेऊ का, पुण्याहून कोणी तरी मिळेल. हेमांगीने आधी मान डोलावली. मग तिला सुगंधा आठवली. बालवाडीत शिकवायची ती. लग्न होऊन आली तेव्हा हेमांगीच्या आईच्या पाया पडायला आली होती. उद्या ही गोष्ट तिला कोणाच्या तरी मोबाइलवर, बातमीत कळेल. तिच्या मुलाचं नाव त्यात चुकीचं छापलेलं असेल.

"मीच सांगते," हेमांगी म्हणाली.

तिने दादाला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तिच्याने झालं नसतं. शाळेच्या पडवीत पेटीपुढे लोक जमल्याचा आवाज आला तसं तिने लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला, कारण त्यात 'गैरसमज' हा शब्द दोनदा होता.

"मी हेमांगी. दत्ताराम परबांची बहीण," ती म्हणाली. "चार दिवस तुम्ही पेटीत जे बोललात ते यंत्राला उलटं कळलं. वाढलं म्हणजे उरलं, असं मी त्याला शिकवलं होतं. म्हणून तुमची मदत थांबली. आणि तुमच्याकडे पुड्या उरल्यात असं समजून त्याने त्या तुमच्याकडून मागून घेतल्या. तुमच्याकडे त्या उरलेल्या नव्हत्या. चूक यंत्राची नाही. माझी आहे."

कोणीतरी पुरुष मोठ्याने बोलला. "आमी चार दिवस काय बोलतव तां तुमका समाजला नाय? आमच्यातलाच माणूस ना तू?" त्याला कोणीतरी मागे ओढलं. दादाचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. एक म्हातारी रडायला लागली आणि तिला गप्प करणारं कोणी नव्हतं. हेमांगी ऐकत बसली. कर्णफोन काढायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

मग गलका एकदम कमी झाला, वाट करून दिल्यासारखा. पेटीच्या अगदी जवळ कोणाचा तरी श्वास ऐकू आला.

"मी सुगंधा."

"बोल, सुगंधा."

"आमच्या पुड्यांनी थयली पोरां वाचली काय?"

हेमांगीने शिवारवाडीची नोंद उघडली. तिला उत्तर आधीच माहीत होतं, तरी तिने बघून खात्री केली. "हो. वाचली."

"कितकी?"

"अकरा."

श्वास तसाच येत राहिला. त्यात क्षमा नव्हती आणि शापही नव्हता. हेमांगी शिवीची वाट बघत होती. शिवी मिळाली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"त्यांची नावां काय?" सुगंधाने विचारलं.

हेमांगीने नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. अकरा हा आकडा होता, वयं होती, वजनं होती, किती पुड्या लागल्या ते होतं.

"माझ्याकडे नावं नाहीत," ती म्हणाली. "तू थांबशील का? मी शिवारवाडीला विचारते."

"थांबतंय," सुगंधा म्हणाली, आणि पेटीपाशी बसल्याचा आवाज आला.